स्मृतिप्रीत्यर्थ पाच लाख: द्यायचे कुणाला?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"माझं वय ६८. सहकारी बँकेतून निवृत्त, मुक्काम कर्वेनगर. मूळ गाव वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यात. पत्नी गेल्या वर्षी गेली. तीही त्याच डोंगरातली. पुढची शाळा लांब म्हणून सातवीनंतर तिची शाळा सुटली. लग्न होऊन पुण्यात आल्यावर, थोरला बालवाडीत असताना तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. तिच्या नावाने गावाकडच्या हायस्कुलात पाच लाखांची कायम ठेव ठेवावी आणि व्याजातून दरवर्षी दहावीत पहिल्या येणाऱ्या तिघांना शिष्यवृत्ती द्यावी, असं मनात आहे. मुलगा म्हणतो, कशाला त्या भानगडीत पडता? एखाद्या चांगल्या संस्थेला द्या, करसवलतीसाठी ८०जीची पावती घ्या आणि मोकळे व्हा.

मन डळमळण्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या १५ ऑगस्टला नववीतल्या एका गरीब, हुशार मुलाला मी झेंडावंदनानंतर १०,००० रुपये दिले. दिवाळीनंतर तो शाळेत गेलाच नाही. बापाने त्या पैशातून दुकानाची उधारी भागवली आणि दोन शेळ्या घेतल्या. मुलगा आता सिंहगड रस्त्यावर एका खानावळीत काम करतो. फार लागलं मनाला. यापुढे लेखी हमी घ्यावी का? शाळा सोडली तर पैसे परत, अशी अट घालावी का? की मुलाचं ऐकावं?"

नमस्कार,

आधी शेळ्यांचं बोलू. तुमच्या पत्रातला सगळा राग त्यांच्यावर आहे आणि तो मला पटत नाही. वेल्ह्याच्या डोंगरात भाताचं एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. अशा घरात शेळी म्हणजे अडीनडीला मोडता येणारी मुदत ठेव. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. हातात एकदम १०,००० आल्यावर उधारी फेडून उरलेल्याच्या शेळ्या घेणारा बाप उधळ्या म्हणता येणार नाही. चांगला हिशेबी गडी आहे तो.

बिघडलं कुठं, याचा मला दाट संशय आहे. पैसे तुम्ही झेंड्यासमोर दिलेत, बहुतेक माईकवर नाव पुकारून. टाळ्या वाजवणाऱ्यांत किराणा दुकानदारही असणारच. ज्याची वही त्याच्याकडे थकलेली, त्याच्या घरात दहा हजार आल्याचं त्याला फुकटात कळलं. तो दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला नसेल तरच नवल. आणि ऑगस्ट म्हणजे ना धड जून, ना धड दिवाळी. जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च तोवर उधारीवर निघालेला असतो. नोव्हेंबरात भात झोडून झाला की घरात विचार सुरू होतो, पोरगं शाळेत जातंय त्यापेक्षा चार पैसे आणेल. त्या नोव्हेंबरात तुमच्या पैशातला एक रुपयाही शिल्लक नव्हता.

तेव्हा पैसे परत मागू नका, आणि हमीपत्र तर मुळीच नको. माझी बरीचशी नोकरी हायस्कुलाच्या ऑफिसात गेली. स्टँपपेपरवर अंगठे घेतलेल्या अशा हम्या मी कपाटात पाहिल्या आहेत. त्या कागदापायी एकही पोर शाळेत टिकलेलं मला आठवत नाही. होतं काय, की जो बाप आठ दिवस आधी येऊन 'गुरुजी, आता जमत नाही हो' म्हणाला असता, तो पैसे परत मागतील या धास्तीने शाळेकडे फिरकतच नाही. आणि तुम्हाला तर नेमका तोच माणूस, नेमका त्याच आठवड्यात भेटायला हवा.

आता मुख्य मुद्दा, दहावीतले पहिले तीन. माझं स्पष्ट मत आहे की त्यांना देऊ नका.

मूल कुठं गळतं ते बघा. आठवीपर्यंत सरकार बऱ्यापैकी सोबत असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं छत्र सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर, म्हणजे आठवीपर्यंतच. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. दुपारची खिचडीही आठवीपर्यंत. नववीच्या जूनमध्ये हे सगळं एकदम थांबतं. त्यातून गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथी नाहीतर सातवीपर्यंत असली, तर वाटही लांबलेली असते. पोर मात्र तेच, घर तेच आणि घरातली मिळकतही तीच. फीबद्दल लोक उगाच हळहळतात. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, आणि अनुदानित शाळेत मुलांचीही फी फारशी नसते. खर्च होतो तो पुस्तकं, गाईडं, डबा, चपला, एसटी आणि बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म यांवर. त्याहून मोठा खर्च घरच्यांच्या मनात असतो, पोरगं कामाला गेलं असतं तर जे मिळालं असतं त्याचा.

दहावीत पहिला येणारा मुलगा ही दरी ओलांडून आलेला असतो. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत, पण जे मूल त्या दरीत पडलं ते तुमच्या यादीत येतच नाही. वहिनींचंच बघा. तुम्ही आज जो नियम करू पाहताय, तो त्या वेळी असता तर त्यांना त्यातून एक छदाम मिळाला नसता, कारण दहावीच्या निकालात नाव लागण्याआधीच त्यांची शाळा सुटली होती. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती त्यांनाच मिळाली नसती, हे काही बरोबर दिसत नाही.

हा वाद पुण्याला नवा नाही. १८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात सरकारी शाळांतल्या शिष्यवृत्त्यांचा विषय आहे. ज्या वर्गांत शिक्षणाची काहीच प्रगती झालेली नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा असं त्यांचं मागणं होतं. चढाओढीने शिष्यवृत्त्या वाटणं दिसायला न्यायाचं असलं तरी त्याने इतरांमध्ये शिक्षण पसरत नाही, असं त्यांनी आयोगाला बजावलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही आपल्या शाळांच्या भिंतींवरचे फलक पाहा: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात प्रथम'. त्यातल्या कितीतरी ठेवींचं व्याज आता ५१ रुपयांच्या पुढं जात नाही. त्यात दोनशे पानी वही येते की नाही, शंकाच आहे. देणाऱ्याने त्या काळी चांगली घसघशीत रक्कम ठेवलेली असते. महागाई ती खाऊन टाकते आणि उरतो फक्त फलक.

म्हणून कायम ठेवही नको. पाच लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ३५,००० येतील आणि दरवर्षी त्यांची किंमत घटत जाईल. तेच पाच लाख व्याजासकट दहा वर्षांत संपवायचे ठरवलेत तर वर्षाला ७०,००० च्या आसपास हाताशी राहतात. हा हप्ता तुम्ही माझ्यापेक्षा चोख काढाल. दहा वर्षांनी काही उरणार नाही, हे ऐकायला कठीण आहे. पण तेवढ्यात चार-पाच मुलांच्या दोन-तीन तुकड्या बारावीपर्यंत पोचतात. ठेव शिल्लक राहून पोरं गळण्यापेक्षा हे बरं.

आता मुलं शोधायची कशी? मुख्याध्यापकांना 'गरीब आणि हुशार विद्यार्थ्यांची यादी द्या' असं पत्र पाठवलंत तर यादी येईल, आणि त्यात हुशार आधी आणि गरीब नंतर असेल. त्याऐवजी एक दिवस एसटीने जा आणि आठवीच्या वर्गशिक्षकांजवळ बसून हजेरीचा कॅटलॉग बघा. सलग आजारी पडलेलं मूल वेगळं दिसतं, त्याच्या ओळीत आठ-दहा 'गै' एकापाठोपाठ असतात. तुम्हाला हवी ती ओळ निराळी असते. जुलैत भातलावणीच्या पंधरवड्यात गैरहजर, मग नियमित. पुढं दर आठवड्याला एकच दिवस गैरहजर, आणि तो नेमका बाजाराचा. दिवाळीनंतर 'गै' दाट होत जातात. ही ओळ ज्याची, ते मूल नववीच्या जूनमध्ये येणार नाही, हे वर्गशिक्षकांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं, एवढंच. मुलींच्या बाबतीत गावच्या आशाताईंनाही विचारा. कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कुठं बोलणी चाललीत, हे त्यांना शाळेच्या आधी कळतं.

यातलं एखादं मूल अभ्यासात बेताचंच निघेल. निघू द्या. पन्नास टक्क्यांच्या मुलालाही दहावीचं प्रमाणपत्र लागतंच. एक-दोन विषय राहिले तर पुरवणी परीक्षेचा फॉर्म आणि तेवढ्या विषयांची शिकवणी, इतक्यावर ते निभावतं. एटीकेटी घेऊन अकरावीलाही जाता येतं. पण नापास पोरावर पैसे घालायला कुणी तयार नसतं, आणि मुलींची लग्नं नेमकी त्याच उन्हाळ्यात उरकली जातात. निकालानंतरच्या त्या दोन महिन्यांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवाच.

आता जो भाग तुम्हाला कदाचित रुक्ष वाटेल, पण माझ्या मते तुमच्या पाच लाखांची खरी किंमत ज्यात आहे, तो म्हणजे कागद. सरकारी पैसा आहे. तो या मुलांपर्यंत पोचत नाही.

उदाहरणार्थ एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, बुद्धिमत्ता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी, प्रत्येकी ९० गुणांची. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के, ही अट आहे. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. आपल्याकडे ही परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. तिचं कार्यालय इथंच, कॅम्पात लाल देवळाजवळ आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला वर्षाला ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात. हे सगळं तुमच्या हायस्कुलाला माहीत असतं. तरी डोंगरातली मुलं बसत नाहीत, किंवा फॉर्म भरूनही परीक्षेला पोचत नाहीत. केंद्र तालुक्याला, दिवस बहुधा रविवारचा, आणि रविवारी सकाळी त्या वाटेला गाडी नाही. आठ-दहा पोरांना एक जीप करून दिलीत तर दोन-अडीच हजार लागतील. त्यातलं एक पोर जरी लागलं तरी त्याच्या हातात ४८,००० पडतील. तुमच्या बँकेने एवढा परतावा कधी दिला नसेल.

जे मूल पात्र ठरलं पण निवड यादीत आलं नाही, त्यातल्या मराठा-कुणबी मुलांसाठी छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. सारथी या सरकारी संस्थेचं मुख्यालयही पुण्यातच. एनएमएमएस हुकली म्हणजे सगळं संपलं, असं समजून मावळातल्या कित्येक घरांत हा अर्जच केला जात नाही.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्ती नाही, म्हणून शिष्यवृत्तीच्या चर्चेत तिचं नाव निघत नाही. ज्या मुलाचा बाप किंवा आई गेलेली आहे, त्याला महिला व बालविकास विभागाच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. वर्षाचे २७,००० झाले. मी वर सांगितलेल्या दोन्ही शिष्यवृत्त्यांपेक्षा जास्त. विधवा आईच्या घरातलं पोर पहिल्यांदा कामाला लागतं, हे तुम्हाला गावात दिसेलच. अशा घरी जाल तेव्हा हा अर्ज झालाय का, एवढंच विचारा.

या प्रत्येक ठिकाणी मूल अडतं ते एखाद्या क्षुल्लक कागदावर. उत्पन्नाचा दाखला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत. त्यासाठी सेवा केंद्राची फी थोडी, पण बापाचे दोन रोज बुडतात. आधारवर नाव एक, शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरं. घरचे 'बाळू' म्हणतात, आधारवाल्याने बाळू लिहिलं, शाळेत बाळासाहेब. झाला अर्ज परत. जातीच्या दाखल्याचं तर विचारूच नका. धनगरवाड्यावरच्या मुलाला भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, कातकरी किंवा महादेव कोळी मुलाला १९५० पूर्वीचा. पुरावा म्हणून बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला मागतात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, म्हणून नातवाला शाळेत टिकायला मदत मिळत नाही! यावर गावचौकशीचा मार्ग असतो, तहसीलदार मनावर घेतात तेव्हा वाडीवर शिबिरंही होतात. पण पाठपुरावा करणारा कुणीतरी लागतो.

आणि एवढं करूनही पैसे मंजूर होऊन 'आले नाहीत' अशी तक्रार असेल, तर तुमचा बँकेतला अनुभव इथं सोन्यासारखा. 'आधार लिंक आहे' असं घरचे सांगतात, आणि असतंही. पण थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं. पैसे तिकडं जाऊन पडलेले. घरच्यांना त्या खात्याचा पत्ताच नसतो. हे तुम्ही दहा मिनिटांत ओळखाल. मुख्याध्यापकांना महिना लागेल.

एक सावधगिरी. एनएमएमएस दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि दहावीला ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५५) पडले तरच पुढं चालू राहते. मूल दहावीनंतर डिप्लोमाला किंवा विनाअनुदानित कॉलेजला गेलं की ती बंद होते. प्रवेश घेण्याआधी हे मुलाच्या कानावर घाला. अशी पोरं मी पाहिली आहेत, ज्यांना हे अकरावीच्या दिवाळीत कळलं.

पैसे देण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात सांगते. महिन्याला १,००० रुपये, मुलाच्या आईच्या खात्यात, जून ते एप्रिल. जूनचा हप्ता मोठा ठेवा, पुस्तकांसकट. कार्यक्रम नको, फोटो नको, गावात बोभाटा नको. पंधरा ऑगस्टला वहिनींच्या आठवणीसाठी काही करायचंच असेल तर शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं द्या किंवा सगळ्या पोरांना जिलेबी वाटा. ते सगळ्यांसमोर केलेलं चालतं. एखाद्या पोराची गरिबी माईकवरून सांगणं नको. आणि सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली म्हणून लगेच तुमचे हप्ते थांबवू नका. ते पैसे जमा व्हायला वर्ष उलटतं, तोवर घर कशावर काढणार? आले की मुलाशी बोलून पुढचं ठरवा.

एक काम बिनपैशाचं आहे आणि तुमच्यासारख्या पत्रव्यवहारात मुरलेल्या माणसानेच ते करावं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, मुलांनाही भाड्यात दोन तृतीयांश सवलत आहे. पण पास फुकट असून उपयोग काय, गाडीच वेळेला नसेल तर? शाळा पाचला सुटते, गाडी साडेसहाला. थंडीत तोवर अंधार पडतो आणि नोव्हेंबरपासून मुली घरी बसायला लागतात. फाट्यावर तास-दीड तास मुली उभ्या राहतात हे आईबापांना नको वाटतं, आणि त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, त्या मार्गावरच्या मुलींची गाववार संख्या, असं घेऊन आगारप्रमुखांना भेटा. एकदा जाऊन काम होणार नाही. चिकटून राहा. गाडी तासभर अलीकडे आली तर तुमच्या सत्तर हजारांनी जितक्या मुली टिकतील त्याहून जास्त तिने टिकतील.

आता खानावळीतला मुलगा. तो तुमच्या घरापासून काही फार लांब नाही. एखाद्या दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याला भेटा. 'माझे पैसे' हा विषय काढू नका. त्याला शाळेत परत जायचंय का, ते विचारा. हो म्हणाला तर नववीला परत प्रवेश मिळू शकतो. घरच्यांना त्याची मिळकत सोडवत नसेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावर पूना नाइट हायस्कूल आहे. दिवसा काम करून रात्री शिकणाऱ्यांचीच ती शाळा. आणि तेही नाही जमलं, तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. चौदा वर्षं पूर्ण आणि पाचवी पास एवढ्यावर दहावीला बसता येतं. तो कसा भरायचा आणि घर-संसार सांभाळून अभ्यास कसा करायचा, हे तुमच्या घरात एकदा घडलेलं आहे. त्याला ते सांगा. तो नाही म्हणाला तरी रागावू नका. नंबर देऊन या. पोरं वर्षभराने फोन करतात.

राहता राहिला मुलाचा सल्ला. संस्थेला देण्यात गैर काहीच नाही. तुम्हाला गावी जाणं झेपत नसेल तर तेच करा, फक्त ती संस्था मुलांना वर्षभर सांभाळते की एकदाच चेक वाटते, एवढं बघून घ्या. ८०जीचं म्हणाल, तर तुम्ही नवीन करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट मिळतच नाही. जुनी घेतली असेल तर संस्थेच्या पावतीवर मिळेल, मुलाच्या आईच्या खात्यात थेट भरलेल्या पैशांवर नाही. तेवढा कर भरा. मुलाकडून पैसे घेऊ नका, दोन-तीन शनिवार घ्या. पोर्टलवर अर्ज भरणं, ओटीपीसाठी ताटकळणं, फोटो अमुक केबीत बसवणं, हे तुमच्या-माझ्या वयाला जमत नाही, त्याला जमेल. लॅपटॉप आणि मोबाइलचं हॉटस्पॉट घेऊन त्याला जुलैत शाळेत बसवा. गावात नेटवर्क नाही ही सबब तो सांगेल. शाळेच्या गच्चीवर बहुतेक ठिकाणी येतं.